शंभर उंबऱ्यांचं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाव केवढं आहे असं पूर्वी कुणाला विचारलं, तर उत्तर माणसांत यायचं नाही, उंबऱ्यांत यायचं. ‘पन्नास उंबऱ्यांचं आमचं गाव’, ‘असेल शे-दीडशे उंबरा’. उंबरा म्हणजे घर, आणि घर म्हणजे एक चूल. सरकारी भाषाही हीच होती. आज आपण जनगणना म्हणतो, त्याआधी शिरगणती म्हणायचो आणि जुना शब्द होता खानेसुमारी. खाना म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजणी. इंग्रजांनी १८७२ साली पहिल्यांदा आणि १८८१ पासून नेमानं दर दहा वर्षांनी डोकी मोजायला सुरुवात केली, तरी लोकांच्या तोंडी शब्द राहिला तो खानेसुमारीच.

आज मी अशाच एका शंभर उंबऱ्यांच्या गावाबद्दल बोलणार आहे. गावाचं नाव पिंपळे सौदागर. पुण्याच्या श्रोत्यांना हसू येईल. कारण पिंपळे सौदागर म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतात त्या बारा-बारा मजली इमारती, झगझगीत दुकानं, आणि संध्याकाळी हिंजवडीहून परतणाऱ्या गाड्यांची रांग. हे गाव कधी काळी गाव होतं, हेच अनेकांना सांगावं लागतं. पण अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत या गावाला फार मोठा मान आहे. शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानातल्या शेतीबद्दल कुणी गंभीरपणे लिहायला बसलं, की पवनेकाठच्या या लहानशा गावाचे आकडे त्याला घ्यावेच लागत. ते आकडे गोळा केले होते हॅरॉल्ड मॅन नावाच्या एका इंग्रज माणसानं.

पण मॅनसाहेबांच्या आधी थोडं मागं जायला हवं. कारण गावात माणसं किती, हा प्रश्न प्रत्येक काळात वेगळ्या काळजीनं विचारला गेला आहे.

पेशवाईतल्या कागदांत गावाचे दोन भाग असतात, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्ती, काळी म्हणजे रान. त्या काळातल्या कारभाऱ्यांची काळजी पांढरीची असे. काळी तर पडलेली होतीच, ती कसायला माणसं हवी होती. दुष्काळ पडला, फौजा गावावरून गेल्या, साथ आली, की कुळं परागंदा व्हायची. ज्या घराचा वारसच उरला नाही त्याची जमीन ‘गतकुळी’ म्हणून लिहिली जायची. हा शब्द मला नेहमी अंगावर आणतो. कूळ गेलं, पण जमीन अजून त्याच्याच नावानं ओळखली जाते. आणि सगळंच गाव उठून गेलं तर त्याला म्हणायचे बेचिराग, जिथं संध्याकाळी दिवा लागत नाही असं गाव.

मग सरकार काय करायचं? तर कौल द्यायचं. या, राहा, जमीन कसा, पहिली काही वर्षं सारा नाममात्र, पुढं दरसाल थोडा थोडा चढत जाईल. याला इस्तावा म्हणत. म्हणजे त्या काळी राज्य माणसांची मनधरणी करत होतं. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा पुण्यावर आल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला, आणि पुणे प्रांतातली कितीतरी गावं ओस झाली. पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती आला तो असा अर्धवट रिकामा मुलूख.

त्या रिकाम्या मुलखातलं एक गाव डॉ. टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज शल्यविशारदानं बारकाईनं पाहिलं. गाव होतं नगर रस्त्यावरचं लोणीकंद. त्यानं तिथली माणसं, जमिनी, कर्ज, खाणंपिणं सगळं टिपलं, १८२० साली मुंबईच्या लिटररी सोसायटीत तो निबंध वाचला गेला आणि १८२३ मध्ये छापून आला. महाराष्ट्रातल्या एकाच गावाचा असा अभ्यास त्याआधी क्वचितच कुणी केला असेल. पुढं समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्याच लोणीकंदला गेले आणि सव्वाशे वर्षांनंतरचं लोणीकंद त्यांनी १९६० च्या पुस्तकात मांडलं. त्याची हकिगत पुन्हा कधीतरी. आज आपल्याला पिंपळ्याला जायचं आहे.

हॅरॉल्ड मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. इंग्लंडातल्या यॉर्क शहरात राउंट्री यांनी गरिबीची पाहणी केली होती. कुटुंबाला जगायला किमान किती लागतं ते ठरवायचं आणि मग घराघरात जाऊन ते मिळतं का ते पाहायचं, अशी ती पद्धत. मॅन यांनी तीच मोजपट्टी आपल्याच देशातल्या, बेडफर्डशरमधल्या रिजमाउंट या खेड्याला लावून पाहिली होती. मला हे महत्त्वाचं वाटतं. हिंदुस्थानातल्या गरिबीवर लिहिणारे साहेब पुष्कळ होऊन गेले. पण घरच्या गरिबीवर आधी हात बसवून मग इकडच्या गरिबीकडे वळलेला माणूस विरळाच. आसामच्या चहामळ्यांत काही वर्षं काढून ते १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजात प्राचार्य म्हणून आले. आणि कॉलेजातल्या आपल्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी पुण्यापासून जवळचं एक साधं गाव निवडलं, पिंपळे सौदागर. पाहणी झाली १९१४-१५ च्या सुमारास. पुस्तक निघालं १९१७ मध्ये. दख्खनच्या एका खेड्यातली जमीन आणि मजुरी, असा त्याचा विषय.

गावात कुटुंबं निघाली १०३. म्हणजे शंभरावर तीन उंबरे. आणि जमिनीचे मालक निघाले १५६. उंबऱ्यांपेक्षा मालक जास्त! सरासरी काढली तर मालकामागं सात एकर. गावची शेतजमीन सगळी मिळून हजार-अकराशे एकर धरा. मॅन यांनी जुने कागद लावून पाहिले. १७७१ साली, म्हणजे थोरले माधवराव पेशवे हयात असताना, याच गावात एका खातेदाराकडं सरासरी चाळीस एकर जमीन होती. पेशवाई संपली त्या १८१८ साली ती साडेसतरा एकर झालेली होती. १८२० ते ४० या काळात चौदा. आणि १९१४-१५ मध्ये सात.

चाळीस, साडेसतरा, चौदा, सात. हे चार आकडे त्या पिढीच्या अर्थशास्त्र्यांना पाठ असत.

एका गावच्या जुन्या दप्तरावर फार मोठी इमारत उभारू नये, हे खरं. १७७१ चा चाळीसचा आकडा मला स्वतःला थोडा जपून घ्यावासा वाटतो. मधल्या काळात दुष्काळ होऊन, माणसं कमी होऊनही सरासरी निम्म्यावर आली, याचं कारण एखाद-दुसऱ्या मोठ्या घराची वाटणीही असू शकेल. पण पुढची घसरण मात्र निर्विवाद आहे. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीपर्यंत नऊ-दहा एकरांच्या खाली सहसा कुणी नव्हतं आणि दोन एकरांच्या आतला खातेदार जवळजवळ दिसतच नसे. १९१५ मध्ये शंभरातली ८१ खाती दहा एकरांच्या आत आणि ६० खाती तर पाच एकरांच्याही आत होती. म्हणजे सात एकर ही सरासरी, प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त लोकांकडं तेवढीही जमीन नव्हती.

आणि जी होती ती एका जागी नव्हती. १५६ मालकांचे मिळून ७२९ तुकडे होते. त्यातले ४६३ एकराच्या आतले. तीन तुकडे घेतले तर त्यातले जवळजवळ दोन असे, की बैलांची जोडी वळवायलाच पंचाईत.

हे असं का झालं? साहेबी अहवालांतून याला शेतकऱ्याचं अडाणीपण म्हणायची पद्धत होती. मला ते पटत नाही. ज्यानं गावात भावाभावांची वाटणी बसलेली पाहिली आहे त्याला त्यामागचा हिशेब कळतो. बापाची तीन शेतं असली, एक नदीकाठचं मळईचं, एक मध्यम, एक माळाचं, आणि भाऊ तीन असले, तर एकेकानं एकेक शेत घ्यावं असं कागदावर सोपं वाटतं. पण माळ कुणाच्या वाट्याला जाणार? म्हणून तिन्ही शेतांचे तीन तीन तुकडे. विहिरीचे हिस्से आण्यांत. आंब्याच्या झाडाच्या फांद्या वाटून घेतलेलीही घरं आहेत. पाऊस एका शिवारात पडतो, दुसऱ्यात हूल देतो, त्यामुळं रान चार ठिकाणी असलं तर एखादं तरी हाती लागतं. तुकडे पाडणारी माणसं मूर्ख नव्हती. ती एकमेकांशी न्यायानं वागायचा प्रयत्न करत होती, आणि त्या न्यायाची किंमत नातवंडं मोजत होती.

या न्यायातही एक माणूस नव्हताच, ती म्हणजे बहीण. ते १५६ मालक म्हणजे भावाभावांचेच हिस्से. बहिणीची गोष्ट पुढं येईल.

एवढ्या जमिनीवर गाव जगत होतं का, हा मॅन यांचा खरा प्रश्न होता. त्यांनी प्रत्येक कुटुंबाचं उत्पन्न आणि प्रत्येकाची किमान गरज समोरासमोर मांडली. १०३ पैकी केवळ जमिनीवर नीट जगू शकतील अशी कुटुंबं निघाली ८. बाहेर जाऊन मजुरी केली तर भागेल अशी २८. उरलेली ६७ कुटुंबं अशी, की शेती आणि बाहेरची मजुरी दोन्ही धरूनही वर्षाची तोंडमिळवणी होत नव्हती. शंभरात ६५. तूट भरून निघायची ती कर्जानं किंवा पोटाला चिमटा घेऊन. आणि हे गाव पुण्या-खडकीच्या सावलीतलं, रोजगाराच्या जवळचं.

टीका झाली की हे एकच गाव, आणि शहराजवळचं. तेव्हा मॅन यांनी ना. वि. कानिटकर यांच्याबरोबर दुसरं गाव घेतलं, शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. कोरडवाहू, शहरापासून लांब. ते पुस्तक १९२१ साली आलं. तिथं तूट असणारी माणसं निघाली शंभरात ८५. मधल्या काळात, १९१८ साली, पाऊस दगा देऊन गेला होता आणि इन्फ्लुएंझाची साथ गावागावांतून फिरली होती. त्या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी थोडी कमी झाली, १९११ साली सव्वापंचवीस कोटींच्या आसपास होती ती १९२१ साली काही लाखांनी घटली. तेव्हा माणसं वाढली म्हणून गावं गरीब झाली, एवढं सरळ हे गणित नाही. साथीनं माणसं नेली तरी जातेगावची तूट भरून आली नाही.

आता या गोष्टीत एक तरुण माणूस येतो. वय अवघं सत्तावीस. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेले, १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झालेले, भीमराव रामजी आंबेडकर. त्याच वर्षी इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लहान शेतजमिनींवरचा निबंध छापून आला, आणि त्यात पिंपळे सौदागरचे हेच चार आकडे आहेत. चाळीस, साडेसतरा, चौदा, सात.

सगळ्या जाणकारांचं मत पडलं होतं की जमिनीचे तुकडे हाच रोग. म्हणून तुकडे जोडा, कायद्यानं वाटणी थांबवा, एकाच वारसाला जमीन द्या. आंबेडकरांनी हा सगळा युक्तिवाद उलटा फिरवला. ते म्हणाले, शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवरून ठरवता येत नाही. त्यावर बैल किती, अवजारं किती, भांडवल किती, त्या मानानं ते ठरतं. आपल्या शेतकऱ्याकडं औतफाटा इतका अपुरा आहे, की त्या हिशेबानं आहे हे शेतही त्याला मोठंच पडतं. खरा रोग तुकड्यांचा नाही. तो असा, की जमिनीवर जगणारी इतकी माणसं आहेत ज्यांना तिथं पुरेसं काम नाही. ती रिकामी बसून खातात आणि म्हणून जमिनीवर तुटून पडतात. वाटणी बंद केली तर धाकटे भाऊ भूमिहीन होतील, एवढंच. त्यांना दुसरीकडं काम द्या, कारखाने उभारा, म्हणजे जमिनीवरचा भार आपोआप हलका होईल.

मॅन यांनी गावाकडं पाहून विचारलं, इतक्या माणसांना ही जमीन पुरते का? आंबेडकरांनी तोच तक्ता हाती घेऊन विचारलं, इतक्या माणसांनी या जमिनीलाच का चिकटून राहावं? ज्यांच्या वाट्याला गावानं फारसं काही येऊ दिलं नव्हतं, त्या समाजातून आलेल्या माणसाला हा दुसरा प्रश्न सुचला, याचं मला नवल वाटत नाही.

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात तुकडे रोखणारं विधेयक आलं तेव्हा आंबेडकरांनी त्याला विरोध केला. इतरांचाही विरोध होता आणि ते बारगळलं. पुढं स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई राज्यात तुकडेबंदी आणि जमीन एकत्रीकरणाचा कायदा झाला. कागदावर तुकडे पडायचे थांबले. बांध मात्र पडायचे तसे पडत राहिले. घरात वाटणी तोंडी व्हायची, सातबारा थोरल्या भावाच्या नावावर, आणि भांडण निघालं की तालुक्याच्या कोर्टात.

आणि पिंपळे सौदागरला कारखानेही आले. गावात नव्हे, नदीपलीकडं. पन्नासच्या दशकात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, मोटारी आणि यंत्रांचे कारखाने आले. गावोगावची पोरं पाळीवर जाऊ लागली. आंबेडकरांनी १९१८ मध्ये लिहिलं तसं, धाकट्या भावांना दुसरीकडं काम मिळालं. काही वर्षं तरी या भागातल्या गावांनी चांगले दिवस पाहिले. एक भाऊ कंपनीत, एक भाऊ रानात, घरात पगार आणि कणग्यात ज्वारी. मॅनसाहेबांच्या तक्त्यात ती २८ कुटुंबं होती ना, बाहेर जाऊन भागवणारी? त्यांची संख्या वाढली आणि तळाची ६७ कमी झाली, असं म्हणायला हरकत नाही.

पण पुढचं कुणाच्याच निबंधात नव्हतं. शहराची हद्द सरकत आली. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. नव्वदच्या दशकाअखेरीस हिंजवडीला संगणक कंपन्या आल्या. आणि जी जमीन शंभर वर्षं माणसांना पुरत नव्हती, ती गुंठ्यावर विकली जाऊ लागली. एकराचे चाळीस गुंठे. सात एकरांचा मालक मॅन यांच्या हिशेबात काठावरचा गरीब होता, त्याचे दोनशे ऐंशी गुंठे झाले. पुण्याच्या आसपास ‘गुंठामंत्री’ हा शब्द निघाला तो याच काळात. त्या शब्दात थट्टा आहे तशी थोडी असूयाही आहे. ज्यांची जमीन आधीच चार भावांत, आठ चुलत भावांत फुटली होती त्यांच्या हाती किती आलं आणि किती दिवस टिकलं, हे त्या शब्दात येत नाही.

बहिणीची गोष्ट राहिली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला आणि केंद्राच्या कायद्यानं २००५ साली. नेमक्या त्याच वर्षांत या भागातली रानं विकली जात होती. मग चाळीस चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेल्या आत्या, बहिणी पुन्हा घरी बोलावल्या गेल्या. साडीचोळी झाली, जेवण झालं, आणि हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा. कुणी हसत दिला, कुणी नाही दिला आणि माहेर तुटलं. जमीन नुसती कसायची होती तोवर बहिणीच्या हिश्श्याचं नावही कुणी काढलं नव्हतं.

२०११ नंतरची जनगणना २०२१ साली व्हायची ती महामारीमुळं झाली नाही, आता १ मार्च २०२७ ही तिची तारीख धरलेली आहे. तेव्हा मोजणारे पिंपळे सौदागरलाही जातील. एकेका सोसायटीत मॅनसाहेबांच्या सबंध गावाहून जास्त कुटुंबं त्यांना भेटतील. त्यांतल्या बहुतेकांचे उंबरे विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात, परराज्यांत आहेत, जिथं आज पांढरी रिकामी होते आहे आणि घरात म्हातारी दोघंच उरली आहेत.

मध्यंतरी मी मॅन यांचं पुस्तक पिशवीत घालून तिथं गेलो होतो. जुनं गावठाण शोधावं लागलं. मंदिराच्या पायरीवर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, पांढरी टोपी, हातात फोन. त्यांना पुस्तकातले आकडे वाचून दाखवले. शंभरावर तीन उंबरे ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली, बोटांवर आपली भावकी मोजली आणि म्हणाले, बरोबर असंल. मग उठून मला रस्त्यापर्यंत घेऊन आले आणि समोरची एक इमारत दाखवली. तिच्या गाड्या लावायच्या जागेखाली त्यांची विहीर होती. विहिरीत त्यांच्या घराचा हिस्सा चार आण्यांचा.

“दर चौथ्या दिवशी पाळी यायची आमची,” ते म्हणाले. “सोमवारी मोट धरली की पुढं शुक्रवारी.”